बंदी घातलेल्या लघुपटातून निघालेली कादंबरी : गियेर्मो काब्रेरा इन्फान्ते

लेखक : रात्रपाळी

१९५२ साली क्यूबात, हवानाच्या 'बोहेमिया' साप्ताहिकात एका तेवीस वर्षांच्या मुलाची कथा छापून आली. कथेत इंग्रजी शिव्या होत्या. हुकूमशहा बातिस्ताच्या राजवटीने तेवढ्यावरून त्याला तुरुंगात टाकलं, दंड केला आणि दोन वर्षं स्वतःच्या नावाने काही छापायचं नाही अशी अट घातली. म्हणून १९५४ पासून 'कार्तेलेस' या साप्ताहिकात तो सिनेमांवर लिहायला लागला तो टोपणनावाने, काब्रेरामधला 'का' आणि इन्फान्तेमधला 'इन' जोडून : ग. काईन. क्यूबाला त्याचा सगळ्यात वाचला गेलेला चित्रपट-समीक्षक मिळाला तो असा, एका मनाईमुळे.

गियेर्मो काब्रेरा इन्फान्ते (१९२९–२००५) मराठीत फारसा कुणी वाचत नाही. लॅटिन अमेरिका म्हटलं की आपण मार्केझपाशी थांबतो, फार तर बोर्हेसपर्यंत जातो. म्हणून हा धागा. मला त्याच्याबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती त्याच्या अख्ख्या लेखनात दिसते : या माणसाला जिथे जिथे कात्री लागली, तिथे त्याने साहित्याचा एक नवा प्रकार उभा केला.

आधी थोडं घरचं. जन्म हिबारा नावाच्या किनाऱ्यावरच्या गावचा. आईवडील तिथल्या कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांपैकी. तो सात वर्षांचा असताना दोघांनाही अटक झाली. १९४१ मध्ये कुटुंब हवानाला आलं आणि एका जुन्या इमारतीतल्या एका खोलीत राहू लागलं. आपल्या गिरगावातल्या चाळीसारखीच ती वस्ती, सामायिक संडास आणि सामायिक भांडणं. पैसे इतके कमी की आई मुलांना विचारायची, 'सिनेमा की तारली?' म्हणजे आज रात्री जेवायचं की पिक्चर बघायचा. पोरं सिनेमा म्हणायची. म्हातारपणी त्याने सिनेमावरच्या लेखांच्या पुस्तकाला हेच नाव दिलं.

१९५९ ला बातिस्ताला हटवून फिदेल कास्त्रोची क्रांती झाली. तो क्रांतीच्या बाजूचा होता, मनापासून. 'रेवोलुसिओन' या दैनिकाची सोमवारची साहित्य पुरवणी 'लूनेस' त्याच्या हाती आली आणि त्या काळात स्पॅनिश भाषेत तेवढी धीट पुरवणी क्वचितच दुसरी निघत असेल. त्याचा धाकटा भाऊ साबा आणि ओर्लांदो हिमेनेस लेआल या दोन पोरांनी १९६० च्या अखेरीस हातातला कॅमेरा घेऊन रात्रीची हवाना टिपली. बंदरालगतचे बार, नाचणारी, बिअर पिणारी, भांडणारी आणि भांडण विसरणारी साधी माणसं, त्यांतली पुष्कळशी काळी. निवेदन नाही. मुलाखत नाही. सुरुवातीला होडी माणसं घेऊन येते, शेवटी घेऊन जाते. जेमतेम चौदा-पंधरा मिनिटांचा लघुपट, नाव 'पी. एम.'

'लूनेस'च्या टीव्ही कार्यक्रमात तो दाखवला गेला, तेव्हा काही झालं नाही. थिएटरात लावायची परवानगी मागितली तेव्हा सरकारी चित्रपट संस्थेने, म्हणजे 'इकाइक'ने, ती नाकारली आणि प्रतही ठेवून घेतली. हे १९६१ च्या मे महिन्यात. कारण असं की हा लघुपट क्रांतीच्या आणि जनतेच्या हिताला बाधक आहे. क्रांतीच्या विरोधात त्यात एक शब्द नव्हता, मुळात शब्दच नव्हते! पण बंदूक धरलेला, ऊस तोडणारा, साक्षरता मोहिमेला निघालेला क्यूबन माणूसही त्यात नव्हता. त्या रात्री माणसं फक्त नाचत होती, एवढाच गुन्हा.

कलावंतांनी सह्यांचं निषेधपत्रक काढलं. मग जूनमध्ये राष्ट्रीय ग्रंथालयात तीन शुक्रवारी सभा झाल्या, १६, २३ आणि ३० तारखेला. फिदेल कास्त्रो स्वतः हजर. विर्हिलिओ पिन्येरा हा थोर नाटककार उठला आणि मला भीती वाटते आहे, एवढंच सांगून बसला. शेवटच्या दिवशी कास्त्रोने जे भाषण केलं त्यातलं वाक्य आजही क्यूबात उद्धृत होतं : क्रांतीच्या आत सर्व काही, क्रांतीच्या विरोधात काहीही नाही. आत कुठे संपतं आणि विरोध कुठे सुरू होतो हे कोण ठरवणार, ते त्याने सांगितलं नाही. नोव्हेंबरमध्ये 'लूनेस' बंद झालं. कागदाचा तुटवडा, असं कारण दिलं गेलं.

आणि इथून कादंबरीकार सुरू होतो. भावाचा लघुपट थिएटरात लागणार नाही हे पक्कं झाल्यावर त्याने एक मजकूर लिहायला घेतला, 'ती बोलेरो गायची' (बोलेरो म्हणजे संथ प्रेमगीत). रात्रीच्या हवानात फिरणारा एक छायाचित्रकार आणि त्याला भेटलेली एक अवाढव्य, काळी, साथसंगतीशिवाय गाणारी मोलकरीण, ला एस्त्रेया. पुढे हाच मजकूर 'त्रेस त्रिस्तेस तिग्रेस' (१९६७), म्हणजे 'तीन दुःखी वाघ', या कादंबरीचा कणा झाला. तो स्वतः म्हणत असे की ही कादंबरी म्हणजे 'पी. एम.'च पुढे नेणं आहे, वेगळ्या साधनाने. जप्त झालेली रिळं त्याने शब्दांत पुन्हा चित्रित केली.

तुमच्यापैकी कुणी वाचली आहे का? या निमित्ताने बोलूया.

प्रतिसाद : जुना खडक

फार चांगला विषय. वाचनखूण साठवली. इंग्रजी अनुवाद वाचला होता, १९७१ चा, ज्यात लेखक स्वतः अनुवादकांबरोबर बसला होता. पण मला एक शंका आहे. तुम्ही हिला सेन्सॉरशी जोडलेली कादंबरी म्हणता, पण कथा घडते १९५८ मध्ये, क्रांतीच्या आधी. नाइटक्लब, गाड्या, बायका, शब्दांचे खेळ. चित्रपट-बंदी हा विषय तिच्यात येतच नाही. लेखकाने बाहेर मुलाखतीत सांगितलं म्हणून आपण तसं वाचायचं का? पुस्तकात नसलेली गोष्ट पुस्तकावर लादणं मला पटत नाही.

प्रतिसाद : रात्रपाळी

शंका रास्त आहे. पण दोन गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे, बंदीबद्दल बोलणं हा बंदीला उत्तर देण्याचा एकच मार्ग नाही. 'पी. एम.' वर आक्षेप होता की माणसांचं असं निरर्थक रात्रभर जगणं दाखवण्यालायक नाही. कादंबरी साडेचारशे पानं तेच दाखवते, आणि इतक्या प्रेमाने की ते जगणं पुन्हा कुणाला पुसता येऊ नये. ला एस्त्रेयाच्या मागे फ्रेडी नावाची खरी गायिका होती. ती घरकाम करायची, एकच लाँगप्ले तबकडी तिच्या नावावर आहे, १९६१ मध्ये ती गेली. म्हणजे ज्या वर्षी लघुपट जप्त झाला त्याच वर्षी. लेखकाला काय काय वाचवायचं होतं ते यावरून कळतं.

दुसरी : चित्रपट आणि सेन्सॉर थेट विषय असलेलं त्याचं पुस्तक वेगळं आहे, आणि माझ्या मते ते जास्त धाडसी आहे. 'विसाव्या शतकातला एक व्यवसाय', १९६३, हवानातच छापलेलं. वरवर पाहता ते काईनच्या चित्रपट-परीक्षणांचं संकलन. पण सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी काब्रेरा इन्फान्ते या काईनचं चरित्र लिहितो, जणू तो कुणी दुसराच माणूस आहे. त्याच्या सवयी, त्याचे अहंकार, त्याचे संपादकांशी खटके, आणि अखेर त्याचा अंत. खऱ्या लेखांच्या मध्ये काल्पनिक माणूस. क्यूबात स्वतंत्र चित्रपट-समीक्षा आता शक्य नाही, हे तो सरळ लिहू शकत नव्हता. म्हणून त्याने समीक्षकालाच कादंबरीतलं पात्र केलं आणि मारलं. वाचणाऱ्याला कळतं की कुणाचं निधन झालं आहे.

प्रतिसाद : सलोनी

हे काईनचं चरित्र वाचायलाच हवं. मला त्याचं नाव 'व्हॅनिशिंग पॉइंट' मुळे माहीत होतं. १९७१ चा तो अमेरिकन सिनेमा, पांढरी डॉज चॅलेंजर घेऊन सुसाट निघालेला ड्रायव्हर, मागे पोलीस. श्रेयनामावलीत पटकथा : गियेर्मो काईन. हे नाव कुठून आलं ते आज कळलं. मेलेल्या समीक्षकाने लंडनमध्ये पटकथालेखक म्हणून पुनर्जन्म घेतला म्हणायचा!

प्रतिसाद : रात्रपाळी

हो, आणि त्याआधी 'वंडरवॉल' (१९६८), ज्याला जॉर्ज हॅरिसनचं संगीत होतं आणि त्यासाठी हॅरिसनने मुंबईत येऊन आपल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण केलं होतं. हवानाचा समीक्षक आणि मुंबईचे सनईवाले, सतारवाले एकाच सिनेमात आहेत याचं मला अजून अप्रूप वाटतं.

त्याचं लंडनला जाणंही धड नव्हतं. १९६२ मध्ये त्याला ब्रसेल्सला सांस्कृतिक अधिकारी म्हणून पाठवलं, म्हणजे मायदेशापासून दूर ठेवलं. १९६५ मध्ये आई वारली म्हणून तो हवानाला आला आणि परत निघताना विमानतळावर त्याला थांबवलं गेलं. चार महिने त्या शहरात, जे आपलंच आहे आणि आपलं उरलेलं नाही, तो अडकून होता. त्या दिवसांवर त्याने लिहून ठेवलं ते त्याच्या मृत्यूनंतर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. ऑक्टोबर १९६५ मध्ये बाहेर पडला तो कायमचा. स्पेनने राहू दिलं नाही, मग लंडन. पोटासाठी पटकथा. १९७२ मध्ये एका पटकथेचं काम करताना त्याचं मन पूर्ण ढासळलं, इस्पितळ, विजेचे उपचार. त्यातून उठून त्याने पुढची मोठी पुस्तकं लिहिली, एक तर थेट इंग्रजीत, सिगार आणि सिनेमा यांच्यावर. १९९७ मध्ये स्पॅनिश भाषेतला सर्वोच्च मानला जाणारा सेर्व्हांतेस पुरस्कार त्याला मिळाला, तेव्हा क्यूबात त्याची पुस्तकं छापली जात नव्हती.

प्रतिसाद : कास्तकार

सगळं वाचलं. लेखक मोठा आहे, वाद नाही. पण चित्र एकाच बाजूने रंगतंय असं वाटतं. १९६१ चा मे म्हणजे काय काळ होता ते बघा. १७ एप्रिलला 'बे ऑफ पिग्ज'ची स्वारी झाली, अमेरिकेने तयार केलेले सुमारे १४०० सशस्त्र क्यूबन निर्वासित किनाऱ्यावर उतरले. देश युद्धात आहे, निम्मी माणसं रात्री पहाऱ्यावर आहेत. त्याच वर्षी लाखभर मुलंमुली खेड्यांत जाऊन लोकांना लिहायवाचायला शिकवत होती. अशा वेळी बारमधल्या नाचाचा सिनेमा थिएटरात नको असं कुणाला वाटलं तर ते समजण्यासारखं नाही का? आणि ज्या 'इकाइक'ला इथे खलनायक केलंय त्याच संस्थेने तोमास गुतिएरेस आलेआचा 'मेमरीज ऑफ अंडरडेव्हलपमेंट' (१९६८) काढला. जगातल्या उत्तम सिनेमांत त्याची गणना होते, आणि तो क्रांतीची आरती ओवाळत नाही.

प्रतिसाद : रात्रपाळी

कास्तकार, काळाचं भान तुम्ही दिलंत ते हवंच होतं. साक्षरता मोहीम ही त्या शतकातली मोठी गोष्ट आहे, हे मीही मानते. पण युद्ध संपतं. 'पी. एम.' वरची बंदी युद्ध संपल्यावर उठली नाही. 'लूनेस' परत सुरू झालं नाही. आणि शिक्षा फक्त दोन पोरांना झाली नाही. नेस्तोर आल्मेंद्रोसने 'बोहेमिया'त या लघुपटाची स्तुती केली, त्याचं काम गेलं, तो देश सोडून फ्रान्सला गेला. पुढे 'डेज ऑफ हेवन'च्या छायाचित्रणासाठी त्याला ऑस्कर मिळालं. क्यूबाने कोण गमावलं ते बघा.

तुम्ही 'मेमरीज' काढलात ते फार बरं झालं. त्यात एक प्रसंग आहे : नायक चित्रपट संस्थेत जातो, तिथे बातिस्ताच्या काळात सेन्सॉरने कापलेले तुकडे पडद्यावर एकामागून एक फिरत असतात, चुंबनं, उघड्या पाठी, तीच तीच दृश्यं पुन्हा पुन्हा. आलेआ स्वतः दिग्दर्शकाच्या भूमिकेत तिथे बसलेला असतो आणि हे कुठेतरी वापरू म्हणतो. कापलेला सिनेमाच सिनेमात आणायचा, ही युक्ती किती सुंदर आहे. पण मला तो प्रसंग बघताना नेहमी वाटतं, जुन्या राजवटीने कापलेलं दाखवता आलं, नव्या राजवटीने ठेवून घेतलेली चौदा मिनिटं त्या ढिगात नव्हती. आणि हा आलेआ आणि काब्रेरा इन्फान्ते तरुणपणी एकत्र होते, हवानाचं सिनेमाटेक, म्हणजे सिनेमे जपणारी आणि दाखवणारी संस्था, उभं करणाऱ्या मित्रांत.

प्रतिसाद : तिसरी घंटा

तुमच्या धाग्याने मला आपल्याकडची एक जुळी गोष्ट आठवली. ख्वाजा अहमद अब्बास. तेही कादंबरीकार, पत्रकार, पटकथाकार. 'बॉम्बे क्रॉनिकल'मधून सुरू झालेलं त्यांचं 'लास्ट पेज' हे सदर पुढे 'ब्लिट्झ'मध्ये १९८७ पर्यंत, त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं. एका बाजूला 'आवारा', 'श्री ४२०' लिहायचे, दुसऱ्या बाजूला स्वतःचे कमी पैशांचे सिनेमे काढायचे. १९६८ मध्ये त्यांनी 'चार शहर एक कहानी' हा १६ मिनिटांचा लघुपट केला : मुंबई, कलकत्ता, मद्रास, दिल्ली, श्रीमंतांची ऐट आणि गरिबांची वस्ती. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती. सेन्सॉरने आधी 'अ' प्रमाणपत्र देऊ केलं, अपिलात सरकार म्हणालं की ती दृश्यं काढा, मग 'यू' देतो.

अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीच्या दरम्यान सरकार म्हणालं, बरं, न कापता 'यू' देतो. दुसरा कुणी घरी गेला असता. अब्बासांनी अर्जात दुरुस्ती करून मूळ प्रश्नच विचारला, प्रदर्शनाआधी सिनेमा तपासण्याचा अधिकारच घटनेत बसतो का? २४ सप्टेंबर १९७० ला सरन्यायाधीश हिदायतुल्लांनी निकाल दिला. पूर्वतपासणी वैध ठरली, अब्बास त्या मुद्द्यावर हरले. पण न्यायालयाने हेही म्हटलं की नियम मोघम नकोत, कलेला जागा हवी आणि अपील ऐकायला स्वतंत्र यंत्रणा हवी. ती १९८३ मध्ये आली, २०२१ मध्ये सरकारने रद्द केली.

हवानात १४-१५ मिनिटं, आपल्याकडे १६. आणि दोन्हीकडे बोचलं ते एकच, शहराची रात्र.

प्रतिसाद : जुना खडक

तिसरी घंटा, हे फारच नेमकं. फरकही लक्षात घ्यायला हवा. अब्बासांना विचारायला न्यायालय होतं, निकाल छापून आला, आजही कायद्याचे विद्यार्थी तो वाचतात. हवानाच्या त्या तीन सभांत न्यायाधीश, वकील आणि पंतप्रधान एकच माणूस होता.

आपल्याकडे नाटकाचंही आहेच. 'सखाराम बाइंडर' १९७२. परिनिरीक्षण मंडळाने ३२ कट सुचवले होते, कमलाकर सारंग उच्च न्यायालयात जाऊन जिंकले. त्यांनी त्यावर 'बाइंडरचे दिवस' लिहिलं. मराठीत सेन्सॉरशी भांडणाची आठवण लिहिली गेली, कादंबरी मात्र मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.

प्रतिसाद : मांडवीकाठ

गोव्यातून एक छोटी भर. १९६१ आमच्याही लक्षात राहतं, डिसेंबरच्या १९ तारखेमुळे. त्याआधी पोर्तुगालच्या सालाझारच्या राजवटीत इथल्या वृत्तपत्रांचा मजकूर आधी सेन्सॉरकडे जायचा. लग्नाची आमंत्रणपत्रिकासुद्धा तपासून घ्यावी लागे, हे आमच्याकडची जुनी माणसं अजून सांगतात. रात्रपाळी, तुम्ही म्हणता तो माणूस हवानातून निसटून आमच्या पोर्तुगालच्या शेजारच्या स्पेनमध्ये गेला, तिथे तर हुकूमशहा फ्रँको होता. त्याची कादंबरी तिथे छापली कशी गेली?

प्रतिसाद : रात्रपाळी

मांडवीकाठ, हाच भाग मला सगळ्यात जास्त सांगायचा होता.

१९६४ मध्ये बार्सेलोनाच्या साइश बार्राल प्रकाशनाचा 'बिब्लिओतेका ब्रेवे' पुरस्कार त्याच्या हस्तलिखिताला मिळाला. तेव्हा त्याचं नाव आणि रूप वेगळं होतं. हवानाच्या रात्रींच्या मधेमधे क्रांतिकारकांच्या लढ्याचे तुकडे होते, रात्री उथळ आणि लढा थोर अशी मांडणी. फ्रँकोच्या सेन्सॉरने हस्तलिखित अडवलं. ते पुन्हा हातात आलं तोवर लेखक १९६५ चे ते चार महिने हवानात काढून आला होता. आपण रात्रीवर अन्याय केला आहे असं त्याला वाटलं. लढ्याचे सगळे तुकडे त्याने काढले, फक्त रात्र ठेवली, आणि कादंबरी नव्याने लिहिली. तीही स्पेनमध्ये २२ ठिकाणी कापून १९६७ ला छापली गेली. १९९० मध्ये काराकासच्या आयाकुचो मालिकेत ते सगळं पूर्ववत झालं, शेवट सोडून. फ्रँकोच्या सेन्सॉरने शेवटच्या ओळी कापल्यामुळे पुस्तक एका वेड्या बाईच्या बडबडीत, आता आणखी सहन होत नाही अशा अर्थाच्या वाक्यावर तुटतं. लेखकाला तो शेवट स्वतःच्या शेवटापेक्षा चांगला वाटला. त्याने तो ठेवला, आणि 'हे पुस्तक सेन्सॉरचं काय देणं लागतं' या नावाचं टिपणही जोडलं.

यावरून सेन्सॉर साहित्याला उपकारक असतो असं कुणी म्हणू नये. एका शेवटापायी एक पुरवणी गेली, एक लघुपट गेला, एक देश गेला. पण स्वतःच्या मजकुरावर चाललेली परकी कात्री वाचून त्यातला एक कट बरोबर आहे असं म्हणायला जो प्रामाणिकपणा लागतो, तो मला फार थोड्या लेखकांत दिसला.

प्रतिसाद : कास्तकार

रात्रपाळी, लढ्याचे तुकडे काढले म्हणता, ते टाकून दिले का? मला ते वाचायला आवडले असते. माझ्या दृष्टीने तीच खरी हवाना.

प्रतिसाद : रात्रपाळी

नाही, टाकले नाहीत. १९७४ मध्ये त्याने क्यूबाच्या इतिहासावर छोट्या छोट्या प्रसंगांचं एक स्वतंत्र पुस्तक केलं आणि त्याला पुरस्कारप्राप्त हस्तलिखिताचंच जुनं नाव दिलं, 'उष्ण कटिबंधातल्या पहाटेचं दर्शन'. स्थानिक आदिवासींच्या कत्तलीपासून क्रांतीनंतरच्या तुरुंगांपर्यंत. कास्तकार, तुम्ही तेच आधी वाचा. वसाहतवाद्यांवर, बातिस्तावर आणि कास्त्रोवर त्यात सारखीच नजर आहे. तुम्ही भांडाल त्याच्याशी, पण वाचाल पूर्ण.

प्रतिसाद : सलोनी

आणि बाकीच्यांनी कुठून सुरुवात करावी? मोठी कादंबरी एकदम झेपेल असं वाटत नाही.

प्रतिसाद : रात्रपाळी

आधी 'पी. एम.' बघा, यूट्यूबवर आहे, पाव तासाचं काम. मग कादंबरीतले फक्त 'ती बोलेरो गायची' या शीर्षकाचे तुकडे वाचा, ते पुस्तकभर विखुरलेले आहेत, सलग वाचले तरी चालतात. ते आवडले तर पहिल्या पानावर या, त्रोपिकाना क्लबचा निवेदक निम्मं स्पॅनिश, निम्मं इंग्रजी बोलत पाहुण्यांचं स्वागत करतो तिथे. रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कीचा खून सात क्यूबन लेखकांच्या शैलीत सांगितलेला भाग पहिल्या वाचनात सोडून दिलात तरी हरकत नाही, त्यासाठी ते सातही लेखक थोडे माहीत असावे लागतात. स्पॅनिश येत असेल तर १९९० ची किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या, जुन्या आवृत्त्यांत कापलेला मजकूर नाही.